अग्निगोल : साक्ष आणि नोंद

शुक्राहूनही तेजस्वी दिसणाऱ्या उल्केस अग्निगोल म्हणतात. तिचा न जळता भूमीवर पोहोचलेला अंश म्हणजे अशनी.

एकाच ठिकाणाहून पाहणाऱ्यास उल्केची दिशा कळते, अंतर कळत नाही. परस्परांपासून दूर असलेल्या दोन वा अधिक ठिकाणांच्या नोंदी जुळवल्या की तिचा मार्ग, पतनाची संभाव्य जागा आणि सूर्याभोवतीची मूळ कक्षा गणिताने काढता येते. ऑस्ट्रेलियात याच तत्त्वावर पर्थच्या कर्टिन विद्यापीठाने स्वयंचलित कॅमेऱ्यांचे ‘डेझर्ट फायरबॉल नेटवर्क’ उभारले आहे.

२७ नोव्हेंबर २०१५ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आकाशात चमकलेला अग्निगोल या कॅमेऱ्यांनी टिपला. त्यावरून प्राध्यापक फिल ब्लँड यांच्या पथकाने ३१ डिसेंबरला कटी थांडा-लेक आयर या खाऱ्या सरोवराच्या चिखलातून सुमारे १.७ किलोग्रॅमचा ‘मुरिली’ हा पाषाण खणून काढला. मुसळधार पाऊस तोंडावर होता. तो आधी आला असता, तर पाषाणाची खूण पुसली गेली असती.

सामान्य निरीक्षकाची नोंदही उपयुक्त ठरते. स्वतःचे स्थान, अचूक वेळ, उल्का दिसू लागल्याची व मावळल्याची दिशा, क्षितिजापासूनची उंची, कालावधी, रंग आणि तुकडे झाले का, हे तत्काळ लिहून ठेवावे. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारे १० अंश व्यापते. उंची मोजण्यास तेवढे माप पुरते. काही मिनिटे कानोसाही घ्यावा, कारण गडगडाट प्रकाशानंतर उशिरा पोहोचतो.