दुखणं पोटात नाही, पोटाच्या भिंतीत: एका सुईचा इतिहास

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण पोट दुखणं काही जात नाही."

आपल्या भंडारा जिल्ह्यात हे वाक्य कोणी ऐकलं नसेल? रोवणीत दिवसभर वाकून काम झालं की एकाच जागी टोचल्यासारखं दुखतं. मग तुमसर नाहीतर साकोलीचा सरकारी दवाखाना, मग भंडाऱ्यात सोनोग्राफी, मग नागपूरला एन्डोस्कोपी. प्रत्येक खेपेला गाडीभाडं वेगळं आणि बुडालेली मजुरी वेगळी. शेवटी कोणीतरी सांगतं, "बाई, मनातून काढून टाका."

असं प्रत्येक दुखणं मनातलं नसतं. यातल्या काही दुखण्यांना नाव आहे, बिनपैशाची तपासणी आहे आणि स्वस्त इलाजही आहे.

पोटाची भिंत म्हणजे कातडी, चरबी आणि स्नायू. बरगड्यांमधून आलेल्या बारीक नसा पोटाच्या पुढच्या स्नायूतून जवळजवळ काटकोनात वळून कातडीकडे येतात. त्या वळणावर नस आवळली गेली की बोटाच्या टोकाएवढ्या जागी दुखतं. उठताना, कूस बदलताना, ओझं उचलताना ते वाढतं. सोनोग्राफी बघते ती आतले अवयव, म्हणून तिथे काही सापडत नाही.

१९२६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे सर्जन जॉन कार्नेट यांनी यावर एक साधी तपासणी लिहून ठेवली. रुग्णाला पाठीवर झोपवायचं, दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवायचं आणि डोकं-खांदे उचलायला सांगायचं. पोटाचा स्नायू ताठ झाला की आतल्या अवयवांना आडोसा मिळतो. तेव्हा दुखणं कमी झालं तर कारण बहुधा आत आहे. तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर कारण भिंतीत असण्याची शक्यता जास्त. मशीन नाही, वीज नाही, फक्त बोट.

तपासणी मिळाली, पण इलाजाला चांगलं औषध हवं होतं. जागा बधिर करायला १८८४ पासून कोकेन वापरात आलं. त्याची सवय लागायची. पुढे प्रोकेन आलं. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केलं. त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःच्या अंगावर टोचून पाहिलं. १९४८ पासून ते झायलोकेन नावाने बाजारात आलं. टाके घालताना डॉक्टर सुई देतात ती हीच. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध आहे.

१९७२ मध्ये विल्यम ॲपलगेट या अमेरिकन डॉक्टरांनी या नस-अडकण्याला स्वतंत्र नाव दिलं. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये मेहता आणि रेंजर यांनी फिनॉल टोचून ती नसच निकामी करायचा मार्ग वापरला. पुढे बधिर करणाऱ्या औषधात स्टिरॉइड मिसळायची पद्धत रुळली. पण यातलं चांगलं कोणतं, हे मोजून कोणी पाहिलं?

ते काम मुख्यतः नेदरलँड्सच्या सर्जन मंडळींनी केलं. २०१३ च्या त्यांच्या चाचणीत ४८ रुग्ण होते. निम्म्यांना लिडोकेन, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी. कोणाला काय दिलं ते रुग्णाला माहीत नाही. पाव तासानंतर पाहिलं तर लिडोकेनच्या २४ पैकी १३ जणांचं दुखणं निम्म्याहून खाली आलेलं, पाण्याच्या २४ पैकी फक्त ४ जणांचं. म्हणजे नुसता सुईवरचा विश्वास नव्हे, औषधही काम करत होतं.

२०१८ च्या चाचणीत लिडोकेन एकटं आणि लिडोकेनसोबत स्टिरॉइड, अशी तुलना झाली. स्टिरॉइड घातल्याने वेगळा फायदा दिसला नाही. शुगर असलेल्या माणसाची साखर मात्र स्टिरॉइडने वाढू शकते.

पण ही जादूची सुई नाही. बऱ्याच जणांना ती पुन्हा घ्यावी लागते, आणि दीर्घकाळ आराम सगळ्यांना मिळत नाही. सुयांनी भागलं नाही तर ती नस कापण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे. तिच्या चाचणीत २२ पैकी १६ जणांना फायदा झाला. नस न कापता नुसती चीर दिलेल्या २२ पैकी ४ जणांनाही बरं वाटलं.

आता आपल्याकडे बघा. सुईचं आपल्याला वेड आहे. ताप आला, अंग दुखलं, थकवा आला की "डॉक्टरसाहेब, एक सुई लावून द्या." ती कमरेत लागते आणि दुखणं राहतं पोटाच्या भिंतीत! जी सुई नेमक्या दुखऱ्या जागी द्यायची, तिची मात्र चौकशीच होत नाही.

आणि कारण न शोधता पुढचा इलाज केला तर काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. तेरा हजारांहून जास्त बायांचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या सगळ्यांचं दुखणं पोटाच्या भिंतीतलं होतं असं कोणी म्हणणार नाही. पण अवयव काढण्याआधी दुखण्याची जागा नीट तपासली का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

एक सावधगिरी. ताप, उलट्या, वजन घटणं, शौचातून रक्त, पोटात गाठ, पाळी चुकलेली असणं, यातलं काही असेल तर ही पोस्ट बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. आपला विदर्भ सिकलसेलचा पट्टा आहे. सिकलसेल असलेल्या माणसाचं पोट दुखलं तर तो विषय वेगळा आणि तातडीचा असतो. स्वतःच्या मनाने सुई तर कोणीच घेऊ नये.

मागणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जुनी पोटदुखी घेऊन आलेल्या माणसाची बोटाची तपासणी व्हावी, गरज असेल तर ती सुई जाणत्या डॉक्टरकडून मिळावी. रुग्ण कल्याण समितीत कोणी ओळखीचं असेल तर हा विषय मांडायला सांगा. आणि महिनोन्‌महिने एकाच जागी दुखत असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, दुखणं आत आहे की भिंतीत, एकदा दाबून बघता का?"

हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. घरात ज्या बाईचं दुखणं "मनातलं" ठरवलं गेलं असेल, तिला हे वाचून दाखवा.

#भंडारा #आरोग्य