मशीन अजून चालतंय की! (जरा लांबलंय, पण सभेच्या आधी वाचा)

गेल्या आठवड्यात आपल्या शीतगृहावर गेलो होतो. बातमीसाठी नाही, एका नातेवाइकाचा बेदाणा ठेवलाय तो बघायला. आत जायच्या आधीच भिंतीवर हात ठेवला तर ओला. बाहेरच्या बाजूने! एप्रिलच्या उन्हात भिंतीला घाम. कोपऱ्यात तर बाहेरून पांढरा बर्फ धरलेला. मशीनवरचे मामा मी शाळेत असल्यापासून तिथे आहेत. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "काय सांगू दादा, पूर्वी रात्री थंडी धरली की मशीन बंद करून दोन-चार तास डोळा लागायचा. आता मशीनबी झोपत न्हाई, मीबी झोपत न्हाई."

संचालकांपैकी एकांना फोन केला. उत्तर तयारच होतं, "मशीन अजून चालतंय की! उगं कशाला लिहिता?"

म्हणून लिहितोय. पण आधी थोडा इतिहास, कारण "चालतंय की" हे वाक्य आपल्या गावात जन्मलेलं नाही. थंडीच्या धंद्याइतकंच ते जुनं आहे.

१८३३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज निघालं. माल काय, तर गोठलेल्या तळ्यांतून कापलेला १८० टन बर्फ. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा हा उद्योग. चार महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून जहाज कलकत्त्याला लागलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकी बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा मुंबईत अजून सांगतात. बर्फ साठवायला मुंबईत गोदीजवळ बर्फघर बांधलं होतं. आज त्या जागी कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे.

ट्यूडरकडे कसलंही यंत्र नव्हतं. त्याची सगळी करामत भुशात होती. लाकडाचा भुसा बर्फाभोवती गच्च भरायचा, हवा आत शिरू द्यायची नाही. थंडी तयार करणं हे अर्धंच काम, ती आत कोंडून ठेवणं हे उरलेलं अर्धं. आपल्या शीतगृहाच्या ओल्या भिंतीकडे बघताना मला सारखा तो भुसा आठवत होता.

आणखी एक गंमत. दुकानात आपण "दीड टनाचा एसी द्या" म्हणतो. हा टन वजनाचा नाही, बर्फाचा आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ताकद म्हणजे एक टन. जहाजं गेली, बर्फघरं गेली, माप मात्र राहिलं.

यंत्राने बर्फ करणाऱ्यांत पहिल्या मानकऱ्यांपैकी एक आमच्याच जातकुळीतला, पत्रकार! ऑस्ट्रेलियातल्या जीलाँग गावचा वर्तमानपत्रवाला जेम्स हॅरिसन. छापखान्यातले खिळे ईथरने पुसताना धातू गार पडतो, हे त्याच्या लक्षात आलं असं सांगतात. त्यावरून १८५० च्या दशकात त्याने बर्फाचं यंत्र उभं केलं. पुढे १८७३ मध्ये गोठवलेलं मांस जहाजाने लंडनला पाठवायचा घाट घातला. वाटेत टाक्या गळाल्या, मांस सडलं आणि त्या फटक्याने हॅरिसनचं कंबरडं मोडलं. (छोट्या गावच्या संपादकाने मोठ्या धंद्यात पडू नये असं आमची ही म्हणते. ते इथे लागू आहे की नाही, तुम्ही ठरवा.)

त्याच दशकात जर्मनीत कार्ल लिंडेने अमोनियावर चालणारा कॉम्प्रेसर आणला. कारखान्यातला बर्फ स्वस्त झाला आणि ट्यूडरचा धंदा काही वर्षांत आटोपला. मद्रासचं बर्फघर ओस पडलं, विकलं गेलं, राहतं घर झालं. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद त्याच वास्तूत नऊ दिवस उतरले होते. त्या बर्फघराच्या भिंती पडल्या नव्हत्या की दारं मोडली नव्हती. "चालतंय की" म्हणण्यासारखंच होतं सगळं. फक्त त्यातला हिशोब संपला होता.

म्हणजे यंत्र बंद पडणं आणि यंत्र संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संपण्याची आणखी एक तऱ्हा फ्रिऑनने दाखवली. १९२० च्या दशकातल्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी वायू असायचे, आणि गळतीने माणसं मरायची. १९२८ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिनविषारी, न जळणारा वायू शोधला. १९३० मध्ये भर सभेत त्याने तो वायू छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकून ती विझवून दाखवली. टाळ्या पडल्या. जगभर फ्रिज घरोघरी गेले ते या वायूंच्या जिवावर. पुढे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोघांनी दाखवलं, की हाच वायू वर जाऊन ओझोन खातोय. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं भगदाड जाहीर झालं, १९८७ मध्ये माँट्रियल करार. भारत १९९२ मध्ये त्यात आला आणि २०१० पर्यंत आपल्याकडे आर-१२ सारख्या सीएफसी गॅसचं उत्पादन थांबलं. ज्यांच्याकडे या गॅसची मशीनं होती ती चालतच होती की! पण भरायला गॅस मिळेना.

आता पाळी आर-२२ ची आहे. गावातल्या आइस्क्रीमवाल्यांनी, दूध संकलनवाल्यांनी, कोल्डरूम असलेल्या मेडिकलवाल्यांनी आपल्या मशीनवरची पत्र्याची पट्टी एकदा वाचावी. तिथे आर-२२ लिहिलं असेल, तर २०३० च्या सुमाराला हा गॅस जवळपास बंद होतोय. जुन्या मशीनच्या देखभालीपुरता थोडा पुढे मिळेल, पण कुठल्या भावाने ते बघायचं. अशा मशीनचा कॉम्प्रेसर आज जळाला तर रिवाइंडिंगला पैसे घालण्याआधी दहादा विचार करा.

आणि "दरवर्षी उन्हाळ्यात गॅस भरून घेतो" असं अभिमानाने सांगणाऱ्या मित्रांना हात जोडून विनंती. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो जळून संपत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणारा मिस्त्री आपला माणूस नाही.

आपलं शीतगृह अमोनियाचं आहे. अमोनियाला माँट्रियलची भीती नाही, ओझोनला त्याचा त्रास नाही. लिंडेच्या काळापासून दीडशे वर्षं तो टिकून आहे आणि मोठ्या शीतगृहांत अजून तोच राजा. त्याचा धोका वेगळा. तो माणसाला मारू शकतो. वास आधी येतो हे त्यातलं नशीब, पण "थोडा वास येतोच, सवय झालीय" हे मशीनघरातलं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शीतगृहाच्या मागे भिंतीला लागून पंचवीस-तीस घरं आहेत.

मग बदलायचं काय? इथे मी संचालकांच्या बाजूनेही बोलतो. सगळं भंगारात घाला असं माझं म्हणणं नाही. अमोनियाचा बिडाचा जुना कॉम्प्रेसर नीट सांभाळला तर तीस-चाळीस वर्षं ओढतो. रिंग, व्हॉल्व्ह, बेअरिंग बदलली की पुन्हा उभा राहतो. त्याच्या आधी मरतात त्या भिंती आणि पाइप. थर्माकोलमध्ये एकदा ओल शिरली की ती आतच बसते. ओलं थर्माकोल थंडी अडवत नाही, आणि त्याच्याखाली लोखंडी पाइप गुपचूप गंजत राहतो. बाहेरून रंग छान. म्हणून बाहेरच्या भिंतीवरचा तो पांढरा बर्फ मला मशीनच्या खडखडाटापेक्षा जास्त भिववतो.

दोष मशीनचा की देखभालीचा, हे ओळखायला मोठी विद्या लागत नाही. कंडेन्सरच्या नळ्यांवर आपल्या बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचले की दाब चढतो, वीज जास्त खाते. नळ्या साफ केल्यावर दाब उतरला तर मशीन निर्दोष. दाराचं रबर फाटलंय का, कॉइलवर बोटभर बर्फ चढून बसलाय का, हे आधी बघायचं. एवढं सगळं करूनही खोली चार-पाच अंशाला यायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागत असेल, कॉम्प्रेसर दिवसाचे बावीस तास पळत असेल, तेल पीत असेल, तर समजायचं. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवं घ्यायचं, हा धंद्यातला ढोबळ हिशोब आहे. त्यात वाढलेलं वीजबिलही धरायचं, जे आपल्याकडे कुणी धरत नाही, कारण दुरुस्ती एका खात्यावर आणि वीज दुसऱ्या.

आणि माल? हिरवा बेदाणा गरम झाला की लालसर पडतो, चिकट होतो. भाव किती पडतो हे मी द्राक्षवाल्यांना सांगायला नको. तो फरक संघाच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही, शेतकऱ्याच्या पट्टीवर दिसतो. गेल्या वर्षी आमच्या त्या नातेवाइकाला सांगितलं गेलं, "तुमचा मालच तसा होता." असेलही. पण त्या दिवसांत खोलीचं तापमान किती होतं, हे त्यांनी विचारलं तेव्हा नोंदवही "साहेबांकडे" होती.

मामांकडून कळलं, की दर दोन तासांनी तापमान, दाब आणि मशीनचे तास ते आजही लिहितात. म्हणजे उत्तर कुणा तज्ज्ञाकडे मागायच्या आधी ते आपल्याच कपाटात पडलंय. वही खोटं बोलत नाही असं मी म्हणणार नाही, पण वीजबिलाशी ताडून बघता येते.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पाचवा विषय "शीतगृह दुरुस्ती खर्चास मंजुरी" असा एका ओळीत आहे. आकडा नाही, कशाची दुरुस्ती तेही नाही. सभासदांनी तीन कागद मागावेत: मागच्या पाच वर्षांची ती नोंदवही, त्याच पाच वर्षांची वीजबिलं, आणि पाइपांची जाडी व सेफ्टी व्हॉल्व्ह शेवटचे कधी तपासले त्याचा दाखला. अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. मी माझा सोमवारी देतोय. ज्यांना नमुना हवा त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो.