लिओनार्दोचा अर्ज : एका तिशीतल्या उमेदवाराची गोष्ट

१/ इ.स. १४८२ च्या सुमारास फ्लॉरेन्समधील एक चित्रकार मिलानच्या दरबारी नोकरी मिळवण्याच्या खटपटीत होता. वय तीस. पदरी मोठे पूर्ण काम नाही. मठातील साधूंनी १४८१ मध्ये सोपवलेले भव्य चित्र अर्धवटच राहिले होते. हा उमेदवार म्हणजे लिओनार्दो दा विंची.

२/ त्याच्या अर्जाचा मसुदा ‘कोडेक्स अटलांटिकस’ या कागदसंग्रहात, मिलानच्या आम्ब्रोसियाना ग्रंथालयात आजही आहे. त्यावर तारीख नाही. अक्षरही लिओनार्दोचे नाही. तो डावखुरा असून उजवीकडून डावीकडे, आरशात पाहावे तसे लिहीत असे. मसुदा मात्र डावीकडून उजवीकडे, सुवाच्य अक्षरात आहे. बहुधा लेखनिकाकडून लिहवून घेतलेला.

३/ अर्ज वाचणार होता लुडोविको स्फोर्झा. त्याचा पिता फ्रांचेस्को हा भाडोत्री सैन्याचा सरदार. १४५० मध्ये तो मिलानचा ड्यूक झाला. लुडोविको स्वतः अल्पवयीन पुतण्याच्या नावाने राज्य चालवीत होता. त्यातच १४८२ मध्ये फेरारावरून व्हेनिसशी युद्ध पेटले. शत्रूला रोखणे आणि नव्या घराण्याला प्रतिष्ठा मिळवून देणे, हे दोन प्रश्न त्याच्यापुढे होते.

४/ अर्जाची रचना याच प्रश्नांवर उभी आहे. क्रमवार मुद्दे : वाहून नेता येतील असे हलके, मजबूत पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढण्याची युक्ती, दगडांचा वर्षाव करणाऱ्या तोफा, आवाज न करता खणलेली, नदीखालूनही जाणारी भुयारे, आच्छादित युद्धरथ, तोफांचा मारा सोसणारी जहाजे.

५/ आणि चित्रकला? ती अगदी शेवटी. शांततेच्या काळात इमारती बांधीन, पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेईन, शिल्पे घडवीन, आणि चित्रेही काढीन. त्यानंतर नेमका मर्मावर बोट ठेवणारा प्रस्ताव : लुडोविकोच्या पित्याची कीर्ती अमर करणारा ब्राँझचा घोडा.

६/ जन्मगाव, गुरू व्हेरोक्कियो, आजवरची कामे यांचा अर्जात उल्लेख नाही. ‘मी कोण’ यापेक्षा ‘आपल्या कोणत्या गरजेला मी उपयोगी पडेन’ हेच त्यात आहे.

७/ मग ही निव्वळ बढाई होती काय? रणांगणाचा अनुभव लिओनार्दोला नव्हता, हे खरे. परंतु अखेरीस तो म्हणतो की यांतील काहीही अशक्य वाटल्यास आपल्या उद्यानात किंवा आपण म्हणाल तेथे प्रयोग करून दाखवतो. दाव्यासोबत परीक्षेची तयारी होती.

८/ परिणाम? मिलानमध्ये त्याने २५ एप्रिल १४८३ रोजी पहिला मोठा करार केला, तो चित्राचा. तोही दरबाराशी नव्हे, एका धार्मिक मंडळाशी. दरबाराचे काम पुढे मिळाले. घोड्याची मातीची प्रचंड प्रतिकृती १४९३ मध्ये उभी राहिली. पण १४९४ मध्ये त्यासाठी जमवलेले ब्राँझ तोफांसाठी गेले आणि १४९९ मध्ये फ्रेंच तिरंदाजांनी त्या प्रतिकृतीलाच लक्ष्य केले. मिलानमधील त्याचे नाव अजरामर झाले ते मठाच्या भोजनगृहातील भिंतीवर रंगवलेल्या ‘द लास्ट सपर’मुळे, म्हणजे अर्जात शेवटी उरकलेल्या कलेमुळे.

९/ युद्धविषयक मुद्द्यांना खरा ग्राहक भेटला तो १५०२ मध्ये. चेझारे बोर्जियाने लिओनार्दोला आपला लष्करी अभियंता नेमले. अर्जाचा मसुदा तेव्हा सुमारे वीस वर्षांचा होता.