खडखड, टायर आणि अनुमान

आज आपण अनुमानाचाच विचार करणार आहोत, पण पोथीतून नव्हे, मोटारीच्या पुढच्या चाकाखालून.

ऐंशीच्या दशकात आम्ही मालाडला राहायला आलो, तेव्हा आमच्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. मूळची फियाट ११००. 'पद्मिनी' हे नाव तिला १९७४ साली मिळालं. मार्वे रोडच्या खड्ड्यांत गाडी गेली की पुढे डावीकडे 'खट' वाजे. डावं टायर आतल्या कडेला गुळगुळीत झालेलं. आम्ही काय केलं? टायर बदललं. चार महिन्यांत नवंही तसंच झालं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून शॉकअप बदलले. आवाज कायम!

आता थोडं मागे जाऊ. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखीच वळवली तर एक घासटत जाणार. म्युनिकचे गाडीकार लँकेन्स्पर्गर यांनी यावर तोड काढली. तिचं पेटंट लंडनमध्ये १८१८ साली आकरमान यांनी घेतलं. पण तेव्हा चाकाला लोखंडी धाव असे, आपल्या बैलगाडीसारखी. धाव झिजे, पण बोलत नसे. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, आणि पुढे मोटारीला रबरी टायर आलं. रबर मऊ, त्यावर नक्षी कोरलेली. म्हणजे चाक कसं चाललं याची नोंद चाकावरच राहू लागली.

ती नोंद वाचायची कशी? दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर चाक बहुधा कललेलं. हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर दोन चाकांची तोंडं सरळ नाहीत. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग तपासावं.

आणि आवाज? तो एकटा साक्षीला पुरत नाही. न्यायदर्शनात एक सुंदर वाद आहे. नदी फुगलेली दिसली की वर पाऊस झाला असं अनुमान आपण करतो. आक्षेपक म्हणतो, बांध घातल्यानेही पाणी फुगेल की! त्यावर भाष्यकार वात्स्यायन सांगतात: नुसतं फुगलेलं पाणी हा हेतू नव्हेच, वेग, फेस, वाहत आलेली पानं-फळं-लाकडं, हे सगळं मिळून हेतू. 'खट' हे नुसतं फुगलेलं पाणी होतं. आम्ही तेवढ्यावर पाऊस ठरवून मोकळे झालो. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट घरात असून!

शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडे धरून हलवलं. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावला आणि पुन्हा हलवलं. प्ले गेला असता तर दोष बेअरिंगचा. तो गेला नाही. मग पहारीने लोअर आर्म उचकटून पाहिला: बुश पार संपलेला. त्यामुळे चाक खालून बाहेर सरकत होतं आणि आतली कड खात होतं. आवाज आणि झीज, दोन्हींना कारण एकच.

ते म्हणाले, "सर, टायर फेकायच्या आधी दाखवायला हवं होतं." चूक आमचीच होती. पुरावा आम्ही स्वतःच दोनदा फेकला होता, आणि तीच गाडी मुलाबाळांसह हायवेवर नेली होती. आमच्या नशिबाने बुशच होता. स्टिअरिंगचा सांधा निसटला असता तर चाक कुठे वळलं असतं, कोण जाणे.

३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर नाही. आता अलाइनमेंट यंत्रावर होते. पण सांधा ढिला असेल, तर उभ्या गाडीचे आकडे चालत्या गाडीला लागू पडत नाहीत. म्हणून आधी प्ले काढायचा, मग अलाइनमेंट करायची, नवं टायर सगळ्यात शेवटी. आणि जुनं टायर टाकण्यापूर्वी त्यावरून एकदा हात फिरवायचा.