जेनीची पत्रे आणि त्यांचे वाचक

मानसशास्त्रात संख्येत न मावणाऱ्या सामग्रीचे पृथक्करण कसे करावे, ह्या वादाचा इतिहास पाहावयाचा तर ३०१ पत्रांच्या एका जुडग्याकडे वळणे इष्ट ठरेल. 'जेनी मास्टरसन' ह्या टोपणनावाने परिचित असलेल्या अमेरिकेतील एका विधवेने ती १९२६ ते १९३७ ह्या काळात आपल्या मुलाच्या ग्लेन व इसाबेल ह्या स्नेह्यांस लिहिली. मुलावर तिचा विलक्षण जीव होता आणि त्याच्याशी तिचे भांडणही अखंड होते. १९२९ मध्ये तो वारल्यानंतरही ते शमले नाही. हार्वर्डचे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी ही पत्रे १९४६ मध्ये नियतकालिकातून व १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित केली.

ऑलपोर्ट यांनी ३६ वाचकांस जेनीचे स्वभावविशेष सांगावयास लावले. त्यांनी योजिलेल्या १९८ विशेषणांचे ऑलपोर्ट यांनी ८ गट पाडले. १९६६ मध्ये जेफ्री पेज यांनी संगणकाकरवी पत्रांतील शब्दांची वर्गवार मोजणी करून घटक-विश्लेषण केले (शब्दांचे वर्ग मात्र माणसांनीच ठरविलेले होते). निष्पन्न झालेले घटकही ८ च! ह्या योगायोगाला फारसे महत्त्व देऊ नये. ऑलपोर्ट यांनी त्याच वर्षी दोन्ही याद्या शेजारी मांडल्या, त्या अधिक बोलक्या आहेत. आक्रमकता, स्वायत्तता, सौंदर्यासक्ती ह्यांबाबत त्या जुळतात. परंतु वाचकांना जाणवलेल्या विषण्ण कडवटपणाला संगणकाच्या यादीत जोड नाही आणि संगणकाला आढळलेल्या लैंगिकतेला वाचकांच्या यादीत स्थान नाही. कडवटपणा शब्दापेक्षा शब्दाच्या सुरात असतो, आणि सूर मोजणीतून निसटतो, असे आम्हांस वाटते.

खरा पेच पुढेच आहे. डेव्हिड विंटर यांनी १९९० नंतरच्या दशकात असे दाखविले की, 'ग्लेन' म्हणजे स्वतः ऑलपोर्ट, आणि 'इसाबेल' ही त्यांची पत्नी. म्हणजे ज्याने सामग्री निवडली, संपादिली आणि तिचा अर्थ लावला, त्यालाच ती पत्रे आली होती! मोजणी करणारे यंत्र सर्वस्वी तटस्थ धरले, तरी त्याच्यापुढे आलेला मजकूर ह्याच हातांतून गेलेला होता. शिवाय जेनी लिहीत होती ती ह्या दांपत्याला उद्देशून; आपल्या मुलाला किंवा शेजारणीला ती असेच लिहिती काय? ते ८ विशेष जेनीचे, की ह्या तिघांमधील नात्याचे, हे दोन याद्या कितीही जुळल्या तरी त्यांवरून ठरविता येत नाही.