खेळण्याची वाट आणि युद्धग्रंथांचें वाचन

युक्रेनांत २०२२ च्या फेब्रुवारींत मोठें युद्ध पेटल्यापासून जुन्या युद्धग्रंथांकडे वाचकांचें लक्ष पुन्हां वळलें आहे. सुन त्झू, कौटिल्य, क्लाउझेवित्झ यांचीं नांवें नित्याच्या चर्चेंत येऊं लागलीं आहेत. जुने ग्रंथ वाचून चालू काळाचीं युद्धें समजतात काय, हा प्रश्न इतिहाससंशोधकानें टाळण्यासारखा नाहीं. कारण त्या ग्रंथांच्या पोथ्या व त्यांस पूरक असे कागद जपण्याचें काम त्याच्याच माथीं आहे. आमचें उत्तर असें कीं, समजतात. परंतु सेनापतीचा पराक्रम ज्या पानावर वर्णिला आहे त्या पानावरून नव्हे, तर त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या पानांवरून. यास प्रमाण म्हणून शाहूवाडी तालुक्यांतील एकाच गडाचें उदाहरण घेतों.

हा गड म्हणजे खेळणा ऊर्फ विशाळगड. आंब्याच्या घाटाजवळ, सह्याद्रीच्या धारेवर, दाट रानांत तो उभा आहे. अडीचशें वर्षांच्या अवधींत त्याच्या वाटेनें बहामनी फौजा दोनदां आल्या, एकदां शिवाजीमहाराज आले आणि शेवटीं खुद्द औरंगजेब आला. या प्रत्येक प्रसंगाविषयीं कांहींना कांहीं लिखित उपलब्ध आहे. वाट तीच, पाऊस तोच, आणि निकाल मात्र निरनिराळे. पडताळा पाहण्यास यापरतें सोयीचें स्थळ क्वचितच मिळेल.

इ. स. १४५३ मध्यें मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन हा बहामनी सरदार खेळण्याच्या शंकररायावर निघाला. नुकत्याच जिंकलेल्या शिर्के राजानें वाटाड्या होण्याचें पत्करलें. फिरिश्ता सांगतो कीं, पहिले दोन दिवस वाट चांगली होती. तिसऱ्या दिवशीं फौज अशा अरण्यांत शिरली कीं, ओळ धरून चालणें अशक्य झालें. सेनापति आजारी, लोक थकून जागा मिळेल तेथें पडलेले. रात्रीं शंकररायाच्या लोकांनीं छापा घातला आणि सेनापतीसह सुमारें सात हजार माणूस कापलें गेलें, असें तो म्हणतो. शिर्क्यानें केलेला विश्वासघात हें या कथेचें तात्पर्य म्हणून सर्वत्र सांगितलें जातें. परंतु फिरिश्ता हा विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयानें, घटनेनंतर सुमारें दीडशें वर्षांनीं लिहीत होता, आणि दखनी व परदेशी अमिरांमधील जुनें वैर त्याच्या लेखणींत उतरलें आहे. दखनी सरदारांनीं रानांत शिरण्याचें नाकारलें हें तो त्यांचा दोष म्हणून नमूद करतो. आमच्या मतें त्या नकारांतच त्या स्वारीचें सर्व रहस्य आहे. ज्यांस मुलुख ठाऊक होता ते परत फिरले. ज्यांस ठाऊक नव्हता ते पुढें गेले.

त्याच गडावर सोळा वर्षांनीं महमूद गवान आला. तो उत्तम पत्रलेखक होता, आणि त्याचा पत्रसंग्रह ‘रियाज-उल्-इन्शा’ आज उपलब्ध आहे. फिरिश्त्याच्या वृत्तांतांत या मोहिमेचीं जीं रुक्ष वाक्यें आहेत, तींच आम्हांस मोलाचीं वाटतात. डोंगरांत निरुपयोगी म्हणून गवानानें घोडदळ कोल्हापुराहून परत पाठविलें. रान तोडविलें. पांच महिने वेढा घालूनहि गड येईना, आणि पावसाळा जवळ आला, तेव्हां हट्ट न धरतां तो मागें कोल्हापुरास आला व गवती छपरांत राहिला. घाटवाटांवर मात्र त्या हवेस सरावलेले दहा हजार पायदळ ठेवलें. पुढें युक्तीनें व द्रव्यानें गड हस्तगत झाला. येथें पराक्रमाची कथा रचण्याजोगें कांहींच नाहीं, आणि म्हणूनच बहुधा या स्वारीवर कोणी पोवाडा रचला नसावा.

इ. स. १६६० च्या आषाढांतील प्रसंग वाचकांस पाठ आहे. पन्हाळ्याचा सिद्दी जौहराचा वेढा, भर पावसांतील प्रयाण, सिद्दी मसूदचा पाठलाग, घोडखिंडींत बाजीप्रभूचें धारातीर्थीं पडणें. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत हा सारा प्रसंग अगदीं थोडक्या शब्दांत आटोपला आहे. विस्तार नंतरच्या बखरींचा. खिंडीचें थोरपण त्यामुळें कमी होत नाहीं. परंतु युद्धशास्त्राच्या दृष्टीनें ध्यानांत घेण्याची गोष्ट अशी कीं, पाऊस दोन्ही पक्षांवर सारखाच पडत होता. तो ओझें वाहणाऱ्यास मारतो आणि मोकळ्या माणसास आडोसा देतो. महाराजांबरोबर ओझें नव्हतें.

औरंगजेबाबरोबर तें होतें. आंब्याची वाट करण्यासाठीं फत्तेउल्लाखानाच्या हाताखालीं पाथरवट व बेलदार लागले. १७०२ च्या जानेवारींत बादशहा गडाखालीं पोंचला. परशुराम त्रिंबक प्रतिनिधींनीं जूनपर्यंत गड झुंजविला आणि शहाजादा बेदारबख्ताकडून दोन लक्ष रुपये घेऊन तो स्वाधीन केला. म्हणजे मोगलांच्या हातीं किल्ला आला तो पैशानें, आणि मराठ्यांनीं ते पैसे नेमक्या मृगाच्या तोंडावर घेतले! बादशहानें गडाचें नांव सखरलना ठेविलें, आणि परतीची वाट धरली. तीस मैलांवरच्या पन्हाळ्यास पोंचण्यास त्याच्या छावणीस अडतीस दिवस लागले. ओढे फुगले, भारवाहू जनावरें मेलीं, अमीर-उमराव चिखलांतून पायीं चालले. बादशाही दप्तराच्या आधारें लिहिणारा साकी मुस्तैदखान ‘मआसिर-इ-आलमगिरी’ मध्यें विजयाचा गौरव करतो, पण हाल लपवीत नाहीं. त्याच्या ग्रंथांतील जिंकलेल्या गडांची यादी सोडून हा परतीचा मजकूर वाचावा.

आतां चालू काळाकडे येऊं. २०२२ च्या मार्चांत कीवच्या उत्तरेस सुमारें चौसष्ट किलोमीटर लांबीची रशियन वाहनांची रांग अडून पडली. इंधन व अन्न पुढें जाईना, रस्त्याबाहेर चिखल, तोंडावर छापे. एप्रिल उजाडतांना ती सेना माघारी गेली. ज्यानें खेळण्याहून परतणाऱ्या छावणीचा वृत्तांत नीट वाचला असेल, त्यास यांत अघटित असें कांहीं वाटणार नाहीं. उलट, ग्रंथांतील उपाय जसाच्या तसा उचलणाराची फसगत होईल. रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत गडाभोंवतीचें रान राखावें, वाटा सुगम करूं नयेत असें सांगितलें. आज ड्रोन नांवाचें चालकरहित विमान झाडोऱ्यावर घिरट्या घालतें. रान पूर्वीइतकें झांकीत नाहीं. पण वाट कोणास दिसते व कोणास दिसत नाहीं, हा पंतांच्या आज्ञेमागील प्रश्न तसाच आहे. टोपीकरांस समुद्रकिनाऱ्यावर जागा देऊं नये या त्यांच्या इशाऱ्याचें तर परदेशी तळांच्या वादांत आजहि स्मरण व्हावें.

या संबंधांत एका आवडत्या गोष्टीचा समाचार घेणें भाग आहे. व्हिएतनामी लोकांनीं शिवचरित्र वाचून अमेरिकेचा पराभव केला, असें आपल्याकडे व्याख्यानांतून सांगतात. सांगणारा मूळ कागद दाखवीत नाहीं; तो दिसेपर्यंत ही कथा इतिहासांत घेऊं नये. व्हो न्गुएन झाप हा पूर्वाश्रमीं इतिहासाचा शिक्षक होता आणि नेपोलियनच्या मोहिमांचा त्याचा अभ्यास होता, हें मात्र प्रसिद्ध आहे. दिएन बिएन फू येथें १९५४ च्या जानेवारींत ठरलेला हल्ला त्यानें ऐनवेळीं थांबविला, तोफा पुन्हां मागें ओढून नेल्या आणि मार्चांत हल्ला केला. महमूद गवानाशीं त्याचें हें साम्य कोणीं कोणाचें अनुकरण केल्यामुळें आलेलें नाहीं. मुलुख सारखा कठीण असला कीं विचारी माणसाची चाल सारखी पडते. साम्याचा अर्थ एवढाच घ्यावा.

म्हणून संग्राहकांस एक विनंति. मलकापूर हें विशाळगडकर प्रतिनिधींचें ठाणें. आंबा, शाहूवाडी, विशाळगड या टापूंतील जुन्या घरांत अद्याप रुमाल असण्याचा संभव आहे. असा रुमाल हातीं येतांच शिक्क्याचें पत्र तेवढें काढून घेण्याची व बाकीचा गठ्ठा रद्दींत घालण्याची चाल फार आहे. गडावरील धान्याचे जमाखर्च, गडकऱ्यांच्या नेमणुका, वैरणीचे ताळेबंद, टाक्या उपसल्याचे हिशेब, बेगारीच्या याद्या, घाटांतील जकातीचे कागद, हे ज्या क्रमानें बांधलेले सांपडतील त्याच क्रमानें ठेवावे, आणि रुमालावरील वेष्टन व त्यावरची नोंदहि टाकूं नये.