आधी चाल, मग शब्द

बालवाडीतले मूल उशिरा किंवा कमी बोलू लागले, आणि घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असली, की पालकांना हमखास सल्ला मिळतो: ‘घरीही शाळेचीच भाषा बोला, नाहीतर मूल गोंधळेल.’ सल्ला सद्‌हेतूने दिलेला असतो. पण तो आला कोठून आणि त्याला आधार किती, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

डी. जे. सेअर यांनी १९२३ साली वेल्समधील सुमारे १४०० शाळकरी मुलांच्या बुद्धिमापनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यांतील द्विभाषक मुलांचे गुण एकभाषक मुलांपेक्षा कमी होते. दोन भाषांमुळे बुद्धीचा गोंधळ उडतो, हा समज त्यामुळे बळावला. वास्तविक शहरांतील मुलांत तसा फरक आढळला नव्हता. दोष भाषांचा की परिस्थितीचा, ही शंका त्या आकड्यांतच दडलेली होती.

कॅनडातील माँट्रियल येथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी १९६२ साली दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली, ती मात्र घरची आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी ठेवून. या वेळी द्विभाषक मुले सरस ठरली. अर्थात दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलेच त्यांनी निवडली होती. त्यामुळे दोन भाषांनी बुद्धी वाढते, असे यावरून म्हणता येत नाही. जुन्या भीतीचा पाया मात्र डळमळला.

पुढे संशोधक थेट तान्ह्या बाळांकडे वळले. बाळाला प्रश्न विचारायचा कसा? पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली त्यासाठी चोखणीचा उपयोग केला. तोच आवाज सतत ऐकून बाळ कंटाळते आणि चोखण्याचा वेग मंदावतो. आवाज बदलल्याचे जाणवले तर वेग पुन्हा वाढतो. एक महिन्याच्या बाळांनाही ‘बा’ आणि ‘पा’ यांतला फरक कळतो, असे दिसले.

१९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हे वर्ण वापरले. मराठी वाचकाला हा भेद सहज कळतो. इंग्रजी भाषकाला कळत नाही. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता जवळजवळ मावळली. जे कानी पडत नाही, त्याकडे कान दुर्लक्ष करू लागतो.

१९८८ साली झाक मेलेर यांच्या पॅरिसमधील गटाने फ्रेंच आणि रशियन बोलणे गाळून ऐकवले. ४०० हर्ट्‌झवरचे ध्वनी काढल्यावर शब्द ओळखू येत नाहीत. भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखे केवळ चढउतार आणि ठेका उरतो. तेवढ्यावरून चार दिवसांच्या फ्रेंच बाळांना दोन्हींतला भेद कळला. गर्भातही खालच्या पट्टीचे ध्वनीच चांगले पोहोचतात. बाळाला भाषेची ओळख होते ती प्रथम तिच्या चालीतून.

मग दोन चाली ऐकलेल्या बाळाचे काय? २०१० साली क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन, ट्रेसी बर्न्स आणि वर्कर यांनी इंग्रजी व टागालोग या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मातांची नवजात बाळे तपासली. केवळ इंग्रजी ऐकलेल्या बाळांचा कल इंग्रजीकडे होता; या बाळांना दोन्ही भाषांत रस होता, आणि त्या वेगळ्या आहेत हेही त्यांना कळत होते.

गाण्याने बुद्धी तल्लख होते, असा याचा अर्थ नव्हे. मोझार्टच्या संगीताचा गाजलेला १९९३ सालचा प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, बाळांवर नव्हे. पण आजीची अंगाई आणि आईचे लाडिक बोलणे भाषेची चाल ठळक करून बाळाच्या कानी घालतात, आणि ते सर्वांत सहज जमते घरच्या भाषेत. ती भाषा बंद करायला सांगितली, की अवघडलेल्या पालकाचे बोलणेच आटते. मूल खरोखर मागे वाटत असेल तर त्याची श्रवणशक्ती तपासून घ्यावी, तज्ज्ञांना दाखवावे. घरची भाषा मात्र चालू राहू द्यावी.